‘माया’ या नावाचा खरा अर्थ कोणता?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिकेची मातृभाषा मराठी आहे आणि त्यांच्या नवऱ्याच्या घरी हिब्रू बोलली जाते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. नवऱ्याची एक मावशी तरुणपणीच वारली. तिचे ‘माया’ हे नाव मुलीला द्यायचे दोघांनी ठरवले, कारण ते दोन्ही घरांत सहज उच्चारता येते. नाव कानावर पडताच पत्रलेखिकेच्या आत्या नाराज झाल्या. ‘माया म्हणजे भ्रम. पोरीला जन्मभर खोटेपणाच्या नावाने हाक मारणार का?’ असे त्यांचे म्हणणे. नवऱ्याकडचे लोक सांगतात की नावाचा संबंध पाण्याशी आहे. अमेरिका खंडात माया नावाचे लोक आहेत, त्यांचे नाव आपण घेणे योग्य आहे का, असे एका सहकाऱ्याने विचारले. नावांच्या याद्या पाहिल्या तर कुठे ‘प्रेम’, कुठे ‘संपत्ती’, कुठे ‘आई’, तर कुठे ‘जादू’ असे अर्थ सापडले. नावाची अधिकृत नोंदणी अजून व्हायची आहे. पत्रलेखिका विचारतात: यांतला खरा अर्थ कोणता? कोणत्याच भाषेत वाईट अर्थ निघणार नाही असे दुसरे नाव शोधावे का? आणि आत्याला काय सांगावे?

नमस्कार,

मुलीच्या जन्माबद्दल तुम्हा दोघांचे मनःपूर्वक अभिनंदन. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु तिन्हींच्या तळाशी मला एकच समजूत दिसते: प्रत्येक नावाला एक खरा अर्थ असतो, तो शब्दाच्या मुळाशी दडलेला असतो आणि एकदा हाती लागला की बाकीचे सगळे अर्थ खोटे ठरतात. बहुतेक पालक याच समजुतीने नाव शोधतात आणि त्यात गैर काही नाही. तरीही तुमची बरीचशी घालमेल या समजुतीतूनच आलेली आहे, म्हणून आधी तीच तपासून पाहू.

तुम्ही पाहिलेल्या याद्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही. ‘माया’ असे ऐकू येणारे शब्द जगात एकाहून अधिक आहेत आणि ते सगळे एका मुळातून आलेले नाहीत. संस्कृतातला ‘माया’ हा त्यांतला एक. हिब्रूमध्ये मुलींना ठेवले जाणारे ‘माया’ हे नाव पाण्याला असलेल्या ‘मयीम’ या शब्दाशी जोडले जाते, तो दुसरा. ग्रीक पुराणकथांतली ‘माइया’ ही तिसरी: कृत्तिकांच्या सात बहिणींतली ती थोरली आणि हर्मीस या देवाची आई. ग्रीकमध्ये हाच शब्द दाईसाठी आणि वयस्क स्त्रीला आदराने हाक मारण्यासाठीही वापरला जाई, आणि यादीतला ‘आई’ हा अर्थ बहुधा तिथूनच आला असावा. रोमन लोकांचीही याच नावाची एक देवी होती व मे महिन्याचे नाव तिच्यावरून पडले असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र ओव्हिड या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वीच त्या नावाच्या तीन निरनिराळ्या उपपत्ती शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांतली एक निवडायचे टाळले. चौथा शब्द म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने काढलेले मध्य अमेरिकेतील लोकांचे नाव. त्याचा संस्कृतशी, हिब्रूशी किंवा ग्रीकशी काही संबंध नाही.

दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांचे नाते असणारच, असे आपल्याला सहज वाटते. पण माणसाच्या तोंडातून निघू शकणारे ध्वनी मोजके आणि भाषा हजारो, त्यामुळे असे योगायोग अटळ आहेत. फारसीतला ‘बद’, जो आपल्या ‘बदनाम’मध्ये आहे, आणि इंग्रजीतला ‘बॅड’ यांचा अर्थ एकच आहे, उच्चारही जवळचा आहे, तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. ऑस्ट्रेलियातील म्बाबाराम या आदिवासी भाषेत कुत्र्याला ‘डॉग’सारखाच शब्द होता आणि तो इंग्रजीतून आलेला नव्हता. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. तान्ह्या मुलाला ओठ मिटून उघडताना जे ध्वनी सर्वांत सोपे जातात ते जवळच्या माणसांना चिकटतात. कोणाला चिकटायचे हे प्रत्येक भाषा आपापले ठरवते. म्हणून ‘हिब्रूतला माया खरा की संस्कृतातला?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. दोन्ही खरे आहेत, कारण ते दोन आहेत. तुमच्या नवऱ्याच्या मावशीला तिच्या आईवडिलांनी जे नाव दिले त्यात आद्य शंकराचार्यांचा मायावाद नव्हता, आणि तुमच्या आत्यांना जे ऐकू येते त्यात पाणी नाही. तुमची मुलगी मात्र अशा घरात जन्मली आहे जिथे हे दोन्ही शब्द एकाच हाकेत ऐकू येतील, आणि ही गोष्ट मला त्या नावाची मोठी जमेची बाजू वाटते.

आता आत्यांच्या आक्षेपाकडे येऊ, कारण तुम्हाला सर्वाधिक लागलेले तेच आहे आणि तो आक्षेप पोकळ नाही. ‘माया म्हणजे भ्रम’ हा अर्थ वेदान्ताने दिलेला आहे, संतांच्या अभंगांतून तो घरोघर पोचला आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो त्या शब्दाचा एकमेव अर्थ नाही आणि सर्वांत जुना तर मुळीच नाही. ऋग्वेदात ‘माया’ म्हणजे विलक्षण सामर्थ्य, घडवण्याची अद्भुत करामत. इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपे धारण करतो, असे सहाव्या मंडलात म्हटले आहे (६.४७.१८). देवांची ती शक्ती आणि शत्रूंचे ते कपट, अशा दोन्ही छटा तिथे आढळतात, आणि पुढे ‘मायावी’ या शब्दात जी जादू उरली ती याच वापरातून आली. देवीला ‘महामाया’ म्हणतात ते तिच्या याच सामर्थ्यामुळे. गौतम बुद्धांच्या आईचे नाव माया होते, आणि जपानमध्ये कोबे शहरालगत एका डोंगराला आजही तिचे नाव आहे. शिवाय मोक्ष देणाऱ्या सात नगरींचा जो श्लोक आपल्याकडे पाठ केला जातो, ‘अयोध्या मथुरा माया काशी काञ्ची अवन्तिका’, त्यातली ‘माया’ म्हणजे हरिद्वार. ज्या शब्दाने मुक्तीच्या आड येणारा भ्रम सांगितला जातो त्याच शब्दाने मुक्ती देणारी नगरीही सांगितली जाते, आणि परंपरेला त्यात काहीच विसंगत वाटलेले नाही.

मराठीने तर या शब्दाला पुष्कळ पुढे नेले. आपण ‘मुलावर माया करतो’, एखाद्याला ‘मायाळू’ म्हणतो, ‘माया पातळ झाली’ म्हणतो तेव्हा भ्रम कुणाच्याही मनात नसतो. ‘त्याने बरीच माया जमवली’ म्हणजे पैसा. कपडा बेतताना शिवणीत जे जादा कापड आत सोडतात त्यालाही ‘माया’ म्हणतात, कारण कपडा पुढे सैल करावा लागला तर तेच उपयोगी पडते. तत्त्वज्ञानातली एक कठोर संज्ञा बोलीत येऊन आपुलकी, पैसा आणि शिवणकाम या तिन्ही ठिकाणी रुजली, हा मला या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ज्या मुलीला मराठी घरात ‘माया’ म्हणून हाक मारली जाईल तिला शब्दकोशाआधी हीच मराठी भेटणार आहे.

एकच शब्द, एकाच मुळाचा, शेजारच्या भाषेत गेला तरी किती बदलतो याची उदाहरणे आपल्या हाताशीच आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि तिकडे ते मुलीचे नावही असते. आपल्याला ते ऐकून दंड आठवतो. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, अनुराग. मराठीत तो संताप झाला. जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष, इंग्रजीत भेट, आणि दोघांचेही मूळ ‘देणे’ या एकाच क्रियेत आहे. यांतला कोणता अर्थ ‘खरा’ असे विचारले तर ‘बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण’ एवढेच उत्तर देता येते.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नावर फार बारकाईने विचार केलेला आहे. शब्दांच्या व्युत्पत्तीवरील यास्कांच्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथात एक वाद नोंदलेला आहे. सर्व नामे धातूंपासून बनली आहेत, असे शाकटायनांचे मत होते. गार्ग्य म्हणत की सगळी नाहीत. गार्ग्यांचा युक्तिवाद असा की ‘अश्व’ हा शब्द वाट आक्रमण्याच्या क्रियेवरून आला असेल, तर जो जो वाट आक्रमतो त्या प्रत्येकाला अश्व म्हणावे लागेल. यास्क स्वतः शाकटायनांच्या बाजूचे होते, तरी गार्ग्यांची शंका त्यांनी आदराने मांडून ठेवली. पुढे शब्दांचे यौगिक (घटकांवरून अर्थ कळणारे), रूढ (केवळ वापराने अर्थ ठरलेले) आणि योगरूढ (दोन्हींचा मेळ असलेले) असे प्रकार मानले गेले. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले. चिखलात किडे आणि बेडूकही जन्मतात, पण पंकज म्हणजे कमळच. घटकांनी बनलेला अर्थ एक आणि लोकांनी मान्य केलेला अर्थ दुसरा, आणि व्यवहारात चालतो तो दुसरा. माणसाचे नाव हे तर रूढीचे टोक आहे. ते एका व्यक्तीकडे बोट दाखवते. तिचे वर्णन करत नाही.

थोडी प्रसिद्ध नावे पाहा. ‘भीम’ या शब्दाचा अर्थ भयंकर, पण हे नाव आज कोट्यवधी लोक अपार आदराने उच्चारतात. ‘सीता’ म्हणजे नांगराने पडलेली तास. आयर्लंडमध्ये ‘शीला’ हे स्त्रियांचे जुने नाव आहे. ते ‘सिसिलिया’चे आयरिश रूप, आणि सिसिलियाचे मूळ ज्या रोमन घराण्याच्या नावात आहे ते ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडले जाते. आपल्या ‘शीला’त मात्र शील आहे. दोन शीला भेटल्या तर दोघींची नावे सारखी, व्युत्पत्ती वेगळी, आणि दोघींच्याही स्वभावाचा तिच्याशी काही संबंध नाही. स्कॉटलंडमधले ‘कॅमेरॉन’ हे नाव ‘वाकडे नाक’ या अर्थाच्या गेलिक शब्दांतून आले, असे सामान्यतः मानतात. स्पॅनिशमध्ये ‘दोलोरेस’ म्हणजे दुःखे. मेरीमातेच्या दुःखांच्या स्मरणार्थ ते मुलींना पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने ठेवले गेले. ‘मलाला’ हा पश्तू शब्द दुःखाने ग्रासलेली असा अर्थ सांगतो. मलाला युसुफझाई यांच्या वडिलांनी ते नाव अफगाणिस्तानातील मैवंदच्या १८८०च्या लढाईत उभ्या ठाकलेल्या मलालाई या तरुणीच्या आठवणीसाठी निवडले, आणि २०१४ साली मलाला यांना शांततेचे नोबेल मिळाल्यानंतर त्या नावातून जगाला दुःख ऐकू येईनासे झाले आहे.

नावाने मुलाचे भाग्य ठरते, ही भीती आत्यांच्या बोलण्यात आहे. जगात ती इतक्या ठिकाणी आढळते की तिला हसण्यावारी नेऊ नये, असे मला वाटते. गंमत अशी की या भीतीपोटी लोकांनी अनेकदा मुद्दाम वाईट नावे ठेवली. मुले जगत नसत तेव्हा आपल्याकडे धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ठेवत, म्हणजे कुणाची दृष्ट लागू नये. मंगोलियात याच हेतूने ‘नेरगुई’ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’ अशी नावे आहेत. म्हणजे शुभ अर्थाचे नावच मुलाचे रक्षण करते, हा नियमदेखील सार्वत्रिक नाही. काही समाजांत तर नावाने गुण सांगायचाच नसतो. घानातील अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडते. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले म्हणून ‘कोफी’. नायजेरियातील योरुबा लोकांत जुळ्यांपैकी आधी येणाऱ्याचे नाव ‘ताइवो’ आणि मागून येणाऱ्याचे ‘केहिंदे’.

नावाचा माणसाच्या आयुष्यावर काहीच परिणाम होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. परिणाम होतो, पण तो दुसऱ्या वाटेने. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन आणि शिकागो येथील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे बनावट अर्ज पाठवण्यात आले. फरक फक्त नावांचा होता. एमिली किंवा ग्रेग यांसारख्या, गोऱ्या लोकांच्या समजल्या जाणाऱ्या नावांना लकीशा किंवा जमाल यांसारख्या, कृष्णवर्णीयांच्या समजल्या जाणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. अरबीत ‘जमाल’ म्हणजे सौंदर्य, आणि ‘एमिली’चे मूळ ‘प्रतिस्पर्धी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. म्हणजे सुंदर अर्थाचे नाव मागे पडले ते ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे. भाग्य जिथे बिघडते ती जागा शब्दकोशात नसते, आणि दोष नाव ठेवणाऱ्या पालकांचाही नसतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न: कोणत्याच भाषेत वाईट अर्थ निघणार नाही असे नाव शोधावे का? शोधायला गेलात तर असे नाव सापडणार नाही; जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. तुम्हाला उपयोगी पडेल असा प्रश्न याहून लहान आहे. तुमची मुलगी ज्या दोन-तीन भाषांत वाढेल, शिकेल आणि कदाचित काम करेल, त्यांत हे नाव कसे ऐकू येते? एवढे तपासणे शक्य आहे आणि आवश्यकही आहे. दोन भाषांमधल्या फजितीच्या गोष्टी लोक फुगवून सांगतात. शेव्हरोलेची ‘नोव्हा’ ही गाडी स्पॅनिश देशांत विकली गेली नाही, कारण तिकडे त्याचा अर्थ ‘चालत नाही’ असा होतो, ही कथा सगळीकडे सांगितली जाते. प्रत्यक्षात ती गाडी मेक्सिको आणि व्हेनेझुएलात नीट खपली. पण मित्सुबिशीला ‘पजेरो’ हे नाव स्पॅनिश भाषकांसाठी खरोखरच बदलून ‘मोंतेरो’ करावे लागले, कारण तिथे तो शब्द असभ्य आहे. तेव्हा भीती दोन्ही प्रकारची असते, आणि कोणती खरी हे कळण्यासाठी ती भाषा रोज बोलणाऱ्या माणसाला विचारण्यावाचून दुसरा मार्ग नाही. शक्यतो एखाद्या किशोरवयीन मुलाला किंवा मुलीला विचारा. शाळेच्या आवारात कोणत्या नावाची टिंगल होते हे शब्दकोशाला ठाऊक नसते; त्यांना असते. ‘माया’ हे नाव इंग्रजी, स्पॅनिश, जर्मन, हिब्रू आणि बहुतेक भारतीय भाषांत मुलीचे नाव म्हणून परिचित आहे. या बाबतीत तुम्ही फार सुरक्षित जागी आहात.

सहकाऱ्याच्या प्रश्नाबद्दल थोडेच लिहिते. दुसऱ्या समाजाचे नाव घेताना थांबून विचार करावा, ही भावना मला योग्य वाटते. ‘कोहेन’ हे पुरोहित कुळाचे नाव आहे आणि बाहेरच्यांनी ते मुलाचे पहिले नाव म्हणून घेतलेले अनेक ज्यूंना खटकते, हे तुमच्या नवऱ्याकडे ठाऊक असेलच. पवित्र पदवी, कुळाची खूण किंवा दीक्षेने मिळणारे नाव असेल तर ते आपले नसते. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोतील माया लोक आज लाखोंच्या संख्येने आहेत, ते जवळजवळ तीस वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि स्वतःला बहुतेकदा कीचे, केक्ची अशा आपापल्या नावांनी ओळखतात. तुमच्या मुलीचे नाव तुमच्या दोन्ही घरांत स्वतंत्रपणे होते. ते तिथून घेतलेले नाही. सहकाऱ्याला एवढे सांगितलेत तरी पुरे.

नावांच्या याद्यांविषयी मला सर्वच पालकांना सांगायचे आहे, कारण या विषयावर येणाऱ्या बहुतेक पत्रांत गोंधळ त्यांच्यामुळेच झालेला असतो. या याद्या अनेकदा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि आलेल्या प्रत्येक नावाला गोड अर्थ चिकटवतात. ‘निकिता’ पाहा. आपल्याकडे ते मुलीचे नाव आहे आणि त्याला संस्कृत अर्थ दिला जातो. रशियात ते पुरुषाचे नाव आहे (निकिता ख्रुश्चेव्ह आठवावेत) आणि ‘अजिंक्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. ज्या यादीत भाषा सांगितलेली नाही, मूळ शब्द दिलेला नाही आणि वाईट अर्थाचे एकही नाव नाही, ती विश्वसनीय मानू नये. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश किंवा कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश उघडावा, परक्या नावासाठी त्या भाषेचा कोश आणि त्या भाषेचा माणूस, दोन्ही गाठावेत. विद्वानांत मतभेद असतील तर तेही मुलाला पुढे सांगावेत. खोटा पण गोड अर्थ सांगून वाढवलेल्या मुलाला एक दिवस खरा कळतोच आणि तेव्हा त्याला नावापेक्षा आईवडिलांविषयी अधिक प्रश्न पडतात. म्हणून तुमच्या मुलीपासूनही ‘भ्रम’ हा अर्थ लपवू नका. प्रेम, पाणी, सामर्थ्य, भ्रम, शिवणीतले कापड हे सारे तिला सांगा. मुलांना हे फार आवडते.

राहिला आत्यांचा प्रश्न. त्यांना वादात हरवण्यासाठी ऋग्वेद पुढे करू नका. त्यांचा आक्षेप मला व्युत्पत्तीविषयीचा वाटतच नाही. नाव नवऱ्याच्या घरातून आले, पाण्याचा अर्थ त्यांच्या भाषेतला, आणि आपल्या बाजूने मुलीला काय मिळाले, हे त्यांनी उघड विचारलेले नाही. शिवाय अकाली गेलेल्या व्यक्तीचे नाव बाळाला द्यावे का, ही शंकाही त्यामागे असू शकते. त्याबद्दल ज्यू समाजातच दोन रीती आहेत: अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील परंपरेच्या) घरांत दिवंगत आप्तांचे नाव ठेवतात आणि हयात व्यक्तीचे टाळतात, तर सेफार्दी (मुळात स्पेन-पोर्तुगालकडील परंपरेच्या) घरांत हयात आजी-आजोबांचे नाव देणे हा त्यांचा सन्मान समजतात. तुमच्या सासरी यांतली कोणती रीत आहे ते नवऱ्याला विचारून घ्या आणि त्या मावशीविषयी त्यांनाच आत्यांशी बोलू द्या. ती कशी होती, घरात तिची आठवण का काढतात, हे आत्यांनी ऐकले तर ‘माया’ हा शब्द त्यांच्यासाठीही एका माणसाचे नाव होऊ लागेल. आणि त्यांच्याकडे काही मागा. सात नगरींचा श्लोक त्यांना येत असेल तर मुलीला तो त्यांनीच शिकवावा, असे म्हणा. किंवा मुलीचे दुसरे नाव सुचवण्याचा मान त्यांना द्या.

नोंदणीपूर्वी एक व्यवहाराची गोष्ट उरकून घ्या. देवनागरीत प्रश्न नाही, पण रोमन लिपीत हे नाव तीन प्रकारे लिहितात: मधले अक्षर ‘वाय’, ‘आय’ किंवा ‘जे’. जर्मन, पोलिश आणि उत्तर युरोपातील भाषांत ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो, मात्र इंग्रजी वाचणारा त्याचे ‘माजा’ करतो. तुमच्या दोन्ही घरांना ‘वाय’ सोयीचे पडेल. हिब्रू लिपीतले रूपही आत्ताच ठरवा, आणि जन्मदाखला, पारपत्र व शाळेचे कागद यांत पहिल्या दिवसापासून एकच रूप ठेवा. पुढे एका अक्षराच्या फरकाने फार खेटे घालावे लागतात.

एक शक्यता उरते. हे सगळे वाचून, आत्यांशी बोलून झाल्यावरही मुलीला हाक मारताना तुमचीच जीभ अडखळत असेल, तर नाव बदलायला अजून वेळ आहे आणि त्यात कमीपणा नाही. नवऱ्याशी मोकळेपणाने बोला. मावशीचे नाव दुसरे नाव म्हणूनही राखता येते. मात्र तो निर्णय तुमच्या स्वतःच्या मनावरून घ्या. ‘माया’ या शब्दात असे काहीही नाही, ज्यामुळे तुम्हाला नाव बदलावेच लागेल.